निवळ पाणी

पावसाळ्यात नदीचे पाणी गढूळ झाले, की काठावर उभा असलेला माणूस ‘वर कोठे तरी चांगला पाऊस झालेला दिसतो’ एवढे म्हणतो आणि आपल्या वाटेने निघून जातो. त्या पाण्याला तांबूस, पिवळसर किंवा काळपट रंग कशाने आला, हा प्रश्न त्याच्या मनात सहसा येत नाही. वास्तविक तो रंग कोणाच्या तरी शेताचा असतो. ज्या मातीत कोणी तरी घाम गाळला, खत घातले, बी पेरले, तीच माती धन्याचा निरोपही न घेता रातोरात निघून चाललेली असते. ती कोठून निघाली, हे एखादा जाणता शेतकरी तिच्या रंगावरून सांगू शकेल. पण ती कोठे जाऊन बसते, आणि बसते तेथे काय करते, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या वायव्य कोपऱ्यात वॉशिंग्टन नावाचे राज्य आहे. त्या राज्याच्या आग्नेय भागात टुकॅनन नावाची एक लहानशी नदी वाहते. तिच्या काठच्या शेतकऱ्यांना या प्रश्नाचे उत्तर शोधावे लागले, आणि ते त्यांना एका माशाच्या घरट्यात सापडले.

तो सारा प्रदेश टेकड्यांचा आहे. पण सह्याद्रीसारखे कडे आणि कपारी तेथे नाहीत. समुद्राच्या लाटा एकाएकी गोठून जाव्यात, तशा त्या टेकड्या एकीमागून एक, गोल आणि मऊ अशा उठलेल्या दिसतात. हिमयुगाच्या काळात वाऱ्याने उडवून आणलेल्या बारीक धुळीचे थरावर थर साचून त्या तयार झाल्या. अशा मातीला शास्त्रज्ञ ‘लोएस’ म्हणतात. ती पिठासारखी बारीक असते. हातात घेतली तर बोटांतून निसटते. काही ठिकाणी तिची जाडी ५० मीटरांहूनही अधिक आहे. या भूमीवर पूर्वी दाट गवत होते. नेझ पर्स आणि पलूस हे तेथील मूळचे लोक रानातील कंदांवर आणि नद्यांतील माशांवर आपला चरितार्थ चालवीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पूर्वेकडून वसाहत करणारे लोक आले. त्यांनी गवत उलथून गहू पेरला. गहू असा काही पिकला, की त्या टेकड्यांचे नाव सर्वत्र झाले. उतार इतके उभे होते, की कापणी-मळणीचे एकेक अवजड यंत्र ओढण्यासाठी ३० किंवा त्याहूनही अधिक घोडे जुंपावे लागत.

टुकॅनन नदी ब्लू पर्वताच्या अरण्यात उगम पावते. तेथून सुमारे १०० किलोमीटर वाहत जाऊन ती स्नेक नदीला मिळते. स्नेक नदी पुढे कोलंबिया नदीला आणि कोलंबिया प्रशांत महासागराला मिळते. वरच्या भागात टुकॅननचे पाणी थंड आणि निवळशंख असते. खाली उतरताना मात्र तिला दोन्ही बाजूंनी गव्हाच्या टेकड्या भेटतात. पटाहा नावाचा एक मोठा ओढा याच टेकड्यांमधून येऊन तिला मिळतो.

दर वर्षी शरद ऋतूत या नदीच्या खालच्या भागात चिनूक जातीचे सॅमन मासे येतात. कोकणात पहिल्या पावसाचे लोंढे वाहू लागले, की मासे ओढ्यांतून आणि व्हाळांतून भातखाचरांकडे चढू लागतात. त्यांना ‘चढणीचे मासे’ म्हणतात. चिनूक हाही चढणीचाच मासा. पण त्याची चढण फार मोठी आहे. तो नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो, आणि काही वर्षांनी अंडी घालण्यासाठी पुन्हा आपल्या जन्माच्या नदीत येतो. महासागराच्या मुखापासून टुकॅननपर्यंतचे अंतर ६०० किलोमीटरांहून अधिक आहे. हे सारे अंतर त्याला प्रवाहाविरुद्ध पोहून तोडावे लागते. गोड्या पाण्यात शिरल्यावर तो अन्न घेणेही सोडून देतो. अंगात साठवलेल्या चरबीवरच त्याचा हा अखेरचा प्रवास चालतो. अनेक नद्या आणि ओढे वाटेत लागत असता नेमकी आपलीच नदी त्याला कशी सापडते? प्रत्येक ओढ्याच्या पाण्याला तेथील माती, दगड आणि वनस्पती यांचा एक विशिष्ट गंध असतो. बालपणी नाकात भरलेला तो गंध मासा विसरत नाही. शास्त्रज्ञ आर्थर हास्लर यांनी १९५०च्या सुमारास आपल्या प्रयोगांतून ही गोष्ट पुढे आणली. माहेरच्या वाटेवरील एखाद्या झाडाचा वास यावा आणि पावले आपोआप वळावीत, तसेच हे आहे.

नदीत आल्यावर मादी घरट्यासाठी जागा शोधू लागते. तिला चिखल चालत नाही, वाळू चालत नाही; तिला लहानमोठ्या गोट्यांचा, खडीचा तळ हवा असतो. तशी जागा सापडली, की ती कुशीवर होते आणि शेपटीचे जोरदार फटकारे मारून तळाची खडी उडवू लागते. प्रवाह उडालेली बारीक माती वाहून नेतो आणि स्वच्छ गोटे मागे राहतात. असे करता करता एक खोलगट खड्डा तयार होतो. शेपटीची कातडी सोलवटून निघते, तरी ती थांबत नाही. मग ती त्या खड्ड्यात अंडी घालते. एका मादीची अंडी काही हजार असतात. प्रत्येक अंडे वाटाण्याएवढे, नारिंगी रंगाचे, मण्यासारखे पारदर्शक असते. नर ती फलित करतो, आणि मादी वरच्या अंगाची खडी उडवून अंड्यांवर पांघरूण घालते. यानंतर थोड्याच दिवसांत ती मरण पावते. आपल्या पिलांचे तोंड तिला कधीच दिसत नाही. स्वच्छ गोट्यांचे एक घर, एवढीच तिची त्यांना ठेव.

आता हे घर म्हणजे काय, ते समजून घेतले पाहिजे. अंडी दगडांखाली असली, तरी ती जिवंत आहेत. त्यांना श्वास घ्यावा लागतो. गोट्यांच्या फटींमधून थंड पाणी सावकाश झिरपत राहते. ते अंड्यांना प्राणवायू पुरवते आणि त्यांच्याभोवतीची घाण दूर नेते. हिवाळ्यात पुढे अंडी फुटतात, पण पिले लगेच बाहेर येत नाहीत. त्यांच्या पोटाशी बलकाची एक पिशवी असते. त्या शिदोरीवर ती दगडांच्या आड अंधारात आणखी काही आठवडे काढतात. शिदोरी संपत आली, की वसंत ऋतूत ती फटींतून वाट काढीत वर येतात. अर्थात त्या फटी मोकळ्या असल्या पाहिजेत. त्यांत गाळ जाऊन बसला, तर पाण्याचे झिरपणे मंदावते आणि अंडी गुदमरतात. जी कशीबशी फुटली, त्यांच्या पिलांना वर येण्याची वाट सापडत नाही. घराचे दार कोणी बाहेरून लिंपून टाकावे, तशी त्यांची स्थिती होते. पाण्यावरून पाहणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही. त्याला एवढेच दिसते, की नदी गढूळ झाली आणि चार दिवसांनी पुन्हा निवळली. पाणी निवळले, याचा अर्थ गाळ खाली बसला. आणि जेथे तो बसला, तेथेच तर पाळणा होता!

हा गाळ येतो त्या गव्हाच्या टेकड्यांवरून. भारतात पाऊस उन्हाळ्यानंतर येतो. त्या मुलुखात मात्र उन्हाळा कोरडा जातो, आणि पाऊस व हिम मुख्यतः हिवाळ्यात पडते. तेथील गहू शरद ऋतूच्या आरंभी पेरतात. जुन्या रीतीप्रमाणे त्याआधी शेत नांगरून, कुळवून, ढेकळे फोडून पिठासारखे मऊ केले जाई. हिवाळा आला तरी गव्हाची रोपे बोटाएवढीच असत; त्यांची मुळे माती धरून ठेवण्याइतकी वाढलेली नसत. थोडक्यात, ज्या महिन्यांत आकाशातून पाणी पडते, नेमक्या त्याच महिन्यांत शेताच्या अंगावर वस्त्र नसे. आणि नेमक्या त्याच महिन्यांत चिनूकची अंडी दगडांखाली निजलेली असत.

त्यातच तेथे एक वारा वाहतो. कडाक्याच्या थंडीत जमीन दगडासारखी गोठलेली असते. तिच्यावर हिमाचा थर असतो. अशा वेळी एकाएकी पश्चिमेकडून उबदार वारा सुटतो. कित्येकदा त्याच्याबरोबर पाऊसही येतो. हिम भराभर वितळते. जमिनीचा वरचा चार बोटांचा थर तेवढा सुटतो. खालची माती मात्र गोठलेलीच राहते. मग ते पाणी मुरणार कोठे? वरच्या मऊ मातीचा राबडा होतो आणि तो उतारावरून घसरू लागतो. शेतावर बोटाएवढ्या ओघळी पडतात, ओघळींच्या घळी होतात, आणि एका रात्रीत टेकडीच्या अंगावर नखांनी ओरबाडल्यासारख्या रेघा उठतात. या उबदार वाऱ्याचे नावही ‘चिनूक’ असेच आहे. कोलंबिया नदीच्या मुखाजवळ राहणाऱ्या चिनूक लोकांवरून माशाला आणि वाऱ्याला, दोघांनाही हे नाव मिळाले. एकाच नावाच्या या दोघांपैकी एक दुसऱ्याचा वैरी व्हावा, हे पाहून वाईट वाटते. पण दोष वाऱ्याचा नव्हे. मासा आणि वारा हजारो वर्षे त्या भूमीवर एकत्र नांदले होते. तेव्हा त्या दोघांच्या मध्ये गवत उभे होते. मधले गवत गेले, आणि मग ते नाते बिघडले.

जमिनीची ही दुखणी कोणाच्या ध्यानातच आली नव्हती, असे नाही. १९३० मध्ये पुलमन येथे धुपेचा अभ्यास करणारे एक केंद्र सुरू झाले. १९३५ मध्ये अमेरिकेत मृद्‌संधारणाचे स्वतंत्र सरकारी खाते निघाले. तरीही नांगर आपल्या जुन्या वाटेने चालतच राहिला. घोडे गेले, ट्रॅक्टर आले, आणि उभ्या चढावरही नांगरट सोपी झाली. अमेरिकन शेती खात्याने शेजारच्या पलूस खोऱ्याची पाहणी करून १९७८ मध्ये तिचा निष्कर्ष मांडला. त्या खोऱ्यातील लागवडीच्या जमिनीपैकी शेकडा १० जमिनीवरची मूळची सुपीक माती पूर्णपणे नाहीशी झाली होती. आणखी शेकडा ६० जमिनीवरची अशी माती पाव हिश्श्यापासून पाऊण हिश्श्यापर्यंत गेली होती. पेरणीला आरंभ होऊन तेव्हा जेमतेम शंभर वर्षे झाली होती. काळ्या टेकड्यांचे माथे फिकट पडू लागले होते. डोईवरचे केस विरळ होऊन टाळू दिसू लागावी, तशी खालची निकृष्ट चिकणमाती वर दिसू लागली होती.

ओढ्यांतही तीच कथा घडत होती. काठावरची झाडे तोडून थेट पाण्यापर्यंत शेते गेली होती. सावली गेल्याने पाणी तापू लागले होते. मुळे गेल्याने काठ ढासळू लागले होते. मासे उत्तरोत्तर कमी होत गेले. अखेर १९९२ मध्ये स्नेक नदीच्या खोऱ्यातील चिनूक माशाला सरकारने ‘धोक्यात आलेला’ म्हणून कायद्याचे संरक्षण दिले.

आता अशा भूमीवरील एखादा वृद्ध शेतकरी डोळ्यांपुढे आणावा. त्याच्या आजाने त्या टेकडीवर पहिला नांगर धरला. वडिलांनी त्याला लहानपणी शेजारी बसवून तास सरळ कसा ठेवावा, ते शिकवले. शेत कसे असावे, याविषयी त्याच्या मनात एक ठाम चित्र आहे: काळेभोर, स्वच्छ, काडी दिसू नये असे. ज्याच्या शेतात धसकटे उभी, तो आळशी, असे त्याने वडिलांच्या तोंडून शेकडो वेळा ऐकले आहे. अशा माणसाला एके दिवशी कोणी सांगते, “नांगर ठेवून द्या. गहू कापल्यावर धसकटे तशीच राहू द्या, काड रानातच पसरा, आणि त्यातूनच पुढचे बी पेरा.” त्याला काय वाटत असेल? केवळ एक अवजार बदलण्याचा हा प्रश्न नसतो. वडिलांनी दिलेले ज्ञान अपुरे होते, असे म्हणण्याचा तो प्रश्न असतो. आणि वडिलांवर ज्याचे प्रेम आहे, त्याला हे म्हणणे फार जड जाते.

आणि तरीही त्या भागातील कित्येक शेतकऱ्यांनी हा बदल केला. १९७५ पासून वॉशिंग्टन, आयडाहो आणि ऑरेगॉन या तीन राज्यांतील विद्यापीठे आणि शेती खाते यांनी मिळून या प्रश्नावर संशोधन चालवले. त्यातून आणि शेतकऱ्यांच्या स्वतःच्या खटपटींतून अनेक उपाय पुढे आले. उभ्या उतारावर सरळ वरखाली न नांगरता टेकडीला वळसा घालीत आडवी मशागत करणे, हा त्यांतला एक. एकाच टेकडीवर गहू, वाटाणा, मसूर आणि गवत यांचे आडवे पट्टे ठेवणे, हा दुसरा. एका पट्ट्यावरून सुटलेली माती दुसऱ्या पट्ट्यात अडकते. जेथून पाणी वाहतेच, त्या सखल जागा न नांगरता तेथे गवत राखणे, हा तिसरा. आणि सर्वांत मोठा उपाय म्हणजे नांगराविना पेरणी. यासाठी जे यंत्र वापरतात, ती एक प्रकारची अजस्र पाभरच असते. धसकटांमधून ती जमिनीला बारीक चीर पाडते, चिरेत बी आणि खत सोडते आणि चीर बुजवून पुढे जाते. बाकीची जमीन हलतही नाही. वरचे काड पावसाच्या थेंबाचा मारा झेलते. खालची जुनी मुळे माती बांधून ठेवतात. गांडुळांची बिळे मोडत नाहीत, आणि त्यांतून पाणी खोल मुरते. जे पाणी पूर्वी माती घेऊन पळत होते, तेच आता जमिनीत थांबते आणि पुढे पिकाच्या उपयोगी पडते.

ओढ्याच्या काठासाठी १९९८ मध्ये वॉशिंग्टन राज्यात एक योजना आली. शेतकऱ्याने काठालगतचा पट्टा १० ते १५ वर्षांसाठी पिकाखालून काढावा, तेथे वाळुंजासारखी पाण्याकाठची झाडे आणि झुडपे लावावीत, आणि त्या पट्ट्याचे भाडे सरकारने त्याला द्यावे, अशी ती योजना होती. वाढलेली झाडे ओढ्यावर सावली धरतात आणि शेतातून येणाऱ्या मातीला शेवटच्या पायरीवर अडवतात.

हे सारे कागदावर सोपे दिसते. रानात ते सोपे नसते. नव्या यंत्राची किंमत भारी असते. पहिली काही वर्षे पीक कमी येण्याची भीती असते. जाड काडात यंत्र अडकते, काडाखाली उंदीर माजतात. नांगर तण पुरून टाकत असे. तो थांबला, की तण मारण्यासाठी औषधे अधिक फवारावी लागतात, आणि ती औषधे ओढ्यात जाऊ नयेत, ही नवी काळजी मागे लागते. शिवाय शेजाऱ्यांचे हसणे असतेच. आणखी एक गोष्टही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. केवळ शेतातली माती थांबल्याने मासे परत येतील, असे नाही. समुद्रापासून टुकॅननपर्यंतच्या वाटेत सहा मोठी धरणे आहेत. त्यांवर माशांना चढण्यासाठी पायऱ्या केल्या आहेत खऱ्या, पण समुद्राकडे निघालेल्या पिलांना ती वाट फार धोक्याची असते. समुद्राचे पाणीही पूर्वीइतके थंड राहिलेले नाही. टुकॅननच्या काठचा शेतकरी धरणे हलवू शकत नाही, समुद्र थंड करू शकत नाही. त्याच्या हाती आहे ते एकच: आपल्या टेकडीवरची माती आपल्या टेकडीवर ठेवणे. जे आपल्या हाती नाही, त्याकडे बोट दाखवून हाती असलेले काम टाळता येते, आणि जगात बहुतेक कामे अशीच टळतात. तसे न करणे, यातच माणसाची परीक्षा असते.

तो वृद्ध शेतकरीही प्रथम अर्ध्याच मनाने तयार झाला, असे समजावे. त्याने बरेचसे शेत नांगराविना पेरले. पण ओढ्याकडचा एक उतार, वडिलांच्या हातचा म्हणून म्हणा किंवा नुकसानीच्या भीतीने म्हणा, पूर्वीप्रमाणेच नांगरला. तो उतार काळाभोर आणि देखणा दिसू लागला. शेजारची जमीन मात्र धसकटांनी आणि काडाने पिंजारलेली, दाढी न केलेल्या माणसासारखी दिसू लागली. येता जाता त्याची नजर त्या देखण्या उतारावर स्थिरावे आणि दुसरीकडून चटकन निघून जाई.

फेब्रुवारीतल्या एका रात्री उबदार वारा सुटला. हिम वितळू लागले, पाऊस आला. म्हाताऱ्याला झोप येईना. तो कंदील घेऊन बाहेर पडला. त्याचा नातूही मागोमाग आला. नातवाच्या हातात काचेच्या दोन बरण्या होत्या. नांगरलेल्या उताराखालच्या चरातले पाणी त्याने एका बरणीत भरले. नंतर ते दोघे चिखल तुडवीत दुसऱ्या बाजूला गेले. तेथे पाणी थोडेच वाहत होते. ते त्याने दुसऱ्या बरणीत भरले. अंधारात दोन्ही बरण्या सारख्याच दिसत होत्या. घरी येऊन त्याने त्या खिडकीत ठेवल्या.

सकाळी म्हातारा उठून पाहतो, तो नातू आधीच खिडकीशी उभा होता. दोन्ही बरण्यांतले पाणी आता निवळले होते. पहिल्या बरणीच्या तळाशी दोन बोटे माती बसली होती. दुसरीच्या तळाशी दोऱ्याएवढी एक रेघ होती.

“आजोबा, ही माती आपलीच ना?” नातवाने पहिल्या बरणीवर बोट ठेवीत विचारले.

“हो, आपलीच.”

“ही बरणीत आली नसती, तर कोठे गेली असती?”

म्हाताऱ्याने खिडकीतून खाली ओढ्याकडे पाहिले. ओढा दुथडी भरून, कॉफीच्या रंगाचा होऊन वाहत होता. त्या पाण्याखाली कोठे तरी, स्वच्छ केलेल्या गोट्यांच्या आड, नारिंगी मणी आणि नुकती फुटलेली पिले वसंताची वाट पाहत होती. ती त्याला दिसत नव्हती, पण ती तेथे आहेत हे आता त्याला ठाऊक होते. आणि एकदा ठाऊक झाल्यावर माणसाला ठाऊक नसल्याचे सोंग करता येत नाही.

“ती एका घराच्या दाराशी जाऊन बसली असती,” तो म्हणाला.

नातू थोडा वेळ गप्प राहिला. मग त्याने दुसऱ्या बरणीकडे पाहिले. “इथूनही थोडी जातेच की!”

“जाते. एवढी अजून जातेच आहे,” म्हातारा म्हणाला.

दोन दिवसांनी पाऊस थांबला. म्हाताऱ्याने पायांत बूट चढवले, दोन्ही बरण्या उचलल्या आणि तो टेकडीकडे निघाला. ओघळींनी चिरलेल्या त्या देखण्या उताराच्या माथ्यावर तो चढून गेला. तेथे त्याने वाकून बरण्यांतली माती, बोटांनी तळ पुसून काढीत, पुन्हा जमिनीवर घातली. ती ओंजळभरसुद्धा नव्हती. मग तो तेथेच उभा राहून, पुढच्या शरद ऋतूत या उतारावर पेरणीयंत्र कोणत्या बाजूने आणावे, याचा विचार करू लागला.